ठोकळ्याची माझी बाजू

नवरा गेला तेव्हा आमच्या कारेगावच्या शेडमध्ये टेबलावर एक ॲक्च्युएटर उघडून ठेवलेला होता. त्याचं सील किट आणायला म्हणून तो मोटरसायकलवर शिरूरला गेला होता. दुकानातून पुडी घेतली, शर्टाच्या खिशात टाकली, गाडीला किक मारायला गेला आणि छातीवर हात ठेवून तिथंच खाली बसला. दवाखान्यात नेईपर्यंत सगळं संपलं होतं. तिथल्या नर्सबाईंनी एका प्लास्टिकच्या पिशवीत त्याचं घड्याळ, मोबाइल आणि ती पुडी माझ्या हातात दिली. मी पुडी उघडली आणि आधी रबरी रिंगा बरोबर मापाच्या आहेत का ते बघितलं. बरोबर होत्या. पुढं हे मी एका बाईला सांगितलं तर ती माझ्याकडे अशी बघायला लागली की परत कुणाला सांगायच्या फंदात पडले नाही.

ॲक्च्युएटर म्हणजे काय हे मी लग्न झाल्यापासून लोकांना सांगत आलेय, तर इथंही सांगते. शेतात पाइपलाइनला व्हॉल्व्ह असतो, तो आपण हातानं फिरवून उघडतो. कारखान्यात असे व्हॉल्व्ह ढिगानं असतात आणि असतात त्याही अडचणीच्या, तापलेल्या जागी. प्रत्येकाशेजारी माणूस उभा करता येत नाही. म्हणून व्हॉल्व्हच्या डोक्यावर ॲल्युमिनियमची एक पेटी बसवतात. शाळेच्या डब्याएवढी असते, कधी पत्र्याच्या ट्रंकेएवढीही असते. पेटीच्या पोटात समोरासमोर दोन पिस्टन, प्रत्येक पिस्टनला दात्यांची एक पट्टी, आणि दोन्ही पट्ट्यांच्या मधोमध दातेरी दांडा. नळीतून हवा सोडली की पिस्टन एकमेकांपासून लांब सरकतात, दांडा पाव फेरा फिरतो आणि खालचा व्हॉल्व्ह उघडतो. हवा गेली की दोन्ही टोकांच्या झाकणांतल्या स्प्रिंगा पिस्टनना परत आत ढकलतात आणि व्हॉल्व्ह बंद होतो.

यातली दुसरी गोष्ट जास्त महत्त्वाची. वीज गेली, नळी फुटली, कॉम्प्रेसर बसला, काहीही झालं तरी कुणी हात न लावता तो व्हॉल्व्ह आपोआप मिटला पाहिजे. आमच्या टेबलावरचा रांजणगावच्या एका कारखान्यातून आला होता, वाफेच्या लाइनवरचा. तो मिटला नाही तर पुढं उभ्या असलेल्या माणसाचं काय होईल ते वेगळं लिहायला नको.

काही वर्षं चालला की आतल्या रिंगा झिजतात, ग्रीस वाळून डांबरासारखं होतं, हवा गळायला लागते. मग तो आमच्याकडे यायचा. खोलायचा, धुवायचा, नव्या रिंगा, नवं ग्रीस, परत जोडायचा. माझे सासरे, म्हणजे आबा, याला भांड्यांची कल्हई म्हणायचे. दौंड तालुक्यात भीमेच्या काठाला त्यांची उसाची शेती. थोरला मुलगा शेतात राहिला आणि धाकटा कारेगावात येऊन लोकांच्या भांड्यांना कल्हई करत बसला, याचा त्यांना राग होता. भांडण कधी झालं नाही. शेडच्या पूजेला आले, नारळ फोडला, चहा पिऊन गेले, ते पुन्हा कधी पायरी चढले नाहीत. सणावाराला आम्हीच गावी जायचो. तिथं ओसरीत बसल्या बसल्या विचारायचे, "काय, कल्हई जोरात हाय का?" नवरा म्हणायचा, "हाय की." बापलेकांचं बोलणं एवढ्यावर संपायचं आणि मग दोघं मिळून टीव्ही बघायचे.

माझं माहेर पाबळ. तिथल्या तंत्रशाळेत मी वेल्डिंग आणि वायरिंग शिकले होते, त्यामुळे लग्नानंतर शेडमध्ये उभं राहायला मला कुणी शिकवावं लागलं नाही. मूलबाळ नाही आम्हाला. त्याबद्दल इतर लोक इतकं बोलले आहेत की मी बोलायला काही शिल्लक नाही.

हे काम एकट्याचं नाही. दोन्ही पिस्टन एकाच वेळी आत गेले तरच दाते बरोबर घरात बसतात, म्हणजे दोन हात तिथं अडकले. मधला दांडा पान्ह्यानं धरून हळूहळू फिरवायला तिसरा हात लागतो. नवऱ्यानं बाभळीचा एक ठोकळा कोरून घेतला होता. त्यात पेटी आडवी बसायची, दांड्याचं डोकं माझ्याकडे आणि बूड त्याच्याकडे. टेबलाच्या एका बाजूला तो, दुसऱ्या बाजूला स्टूल सरकवून मी. तो पिस्टन ढकलायचा, मी दांडा फिरवायचे.

मग झाकणं. झाकणात स्प्रिंगा असतात आणि त्या कुणाचंच ऐकत नाहीत. दोन्ही तळवे ठेवून, अंगाचा सगळा भार टाकून मी झाकण दाबून धरायचे आणि तो बोल्ट लावायचा. बोल्टनं आट्यांत नीट पकड घेईपर्यंत मी हात काढायचा नाही. काढला तर झाकण उडून कपाळावर बसणार. आता शेडमध्ये कॉम्प्रेसर सुरू, शेजारच्या शेडमध्ये ग्राइंडर, रस्त्यावर कंटेनरची रांग. बोललेलं कुणाला ऐकू येणार? म्हणून बोल्ट धरले की तो पान्ह्यानं पेटीच्या अंगावर दोनदा टकटक करायचा. टकटक झाली की मी हात काढायचे. लोकांत मी त्याला अहो म्हणायचे, शेडमध्ये हाक मारायची वेळच यायची नाही. आमच्या संसारात जे काही बोलणं झालं, त्यातलं निम्मं असं पान्ह्यानंच झालं असेल.

तो गेल्यावर मला रडू आलं नाही.

गावाकडच्या बाया आल्या, गळ्यात पडल्या, मोठ्यानं रडल्या. मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत बसले. मागून कुणीतरी कुजबुजलं, "बया, हिच्या डोळ्याला टिपूस न्हाई." दुसरी म्हणाली, "दगाड झालीया ती, बोलू नका काय." मला दोन्ही ऐकू आलं आणि दोन्हीचं काही वाटलं नाही. चहा दिला की पीत होते. भाकरी दिली की खात होते. रात्री झोपही लागायची, आणि याची मला स्वतःलाच लाज वाटायला हवी होती, ती पण वाटायची नाही. फार वेळ मांडी घालून बसलं की पाय कसा लाकडाचा होतो, आपलाच आहे हे माहीत असतं पण चिमटा काढला तरी कळत नाही, तसं सगळं अंग झालं होतं. लोकांना वाटायचं मी दुःख गिळतेय. गिळायला तोंडात काही असावं लागतं.

तेराव्यानंतर ओसरीत बैठक बसली. दीर बोलले. शेडला आडवी भिंत घालू, दोन खोल्या काढू, कारखान्यातल्या कामगारांना भाड्यानं देऊ. तू इथंच राहा, तुझं घर आहे. हे सगळं ते चांगल्या मनानं बोलत होते, तेच अवघड होतं. वाकडं बोलले असते तर मी भांडले असते. भांडायला मी कुणाला हार जात नाही.

मी म्हटलं, "टेबलावर एक काम उघडं पडलंय. तेवढं जोडून देते."

आबा म्हणाले, "लोकांचं काम आर्धं ठिवू न्हाई. तेवढं कर. मंग मी कुलूप घिऊन येतो."

मला शेड बंद करायची नव्हती. हे मला माहीत होतं, पण नुसतं माहीत होतं, आतून काही उसळत नव्हतं. जेवायची वेळ झाली हे भूक नसताना घड्याळ बघून कळावं, तसं. तरी एसटीत बसल्यावर, चौफुल्याहून न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर, मी मनाशी एक ठरवून टाकलं. हा ॲक्च्युएटर माझा मी जोडला आणि नीट चालला, तर आबांना सांगायचं की कुलूप परत घेऊन जा. नाही जमला तर किल्ली त्यांच्या हातात द्यायची आणि गावी जाऊन राहायचं. कुणाशी वाद घालायचा नाही.

शेड उघडली तेव्हा सगळं त्यानं ठेवलं तसंच होतं. टेबलावर वर्तमानपत्र, त्यावर एका रांगेत बोल्ट, स्प्रिंगा, झाकणं. एक पिस्टन रॉकेलमध्ये धुऊन चकचकीत केलेला. दुसरा तसाच, जुन्या ग्रीसनं काळा. म्हणजे तो मध्येच उठून शिरूरला गेला होता. दुसरा धुण्याआधी रिंगा आणू म्हणाला असेल, त्याला धीर कधी नव्हता. मी काळा पिस्टन धुतला. दोन्ही शेजारी ठेवले तर कुणी कुठला धुतला ते सांगता आलं नसतं.

कारखान्यातून मेंटेनन्सच्या साहेबांचा फोन आला. ते बिचारे अडखळत बोलत होते. "मॅडम, सांगायला बरं वाटत नाही, पण आमचं शटडाऊन आलंय. होणार नसेल तर सुट्टाच पाठवून द्या, आम्ही दुसरीकडं बघतो."

"होतंय," मी म्हटलं.

शेजारच्या शेडमधला वेल्डर बिहारचा. तो दारात येऊन उभा राहिला. "भाभी, मैं पकड़ लूँ? अकेले नहीं होगा." मी म्हटलं, "नहीं भैया, हो जाएगा." तो चांगला माणूस आहे, पण तो एकतर माझ्या जागेवर उभा राहिला असता नाहीतर नवऱ्याच्या. दोन्ही मला चाललं नसतं.

मी स्वतः नवऱ्याच्या बाजूला उभी राहिले. हत्यारांची फळी त्याच्या मागच्या भिंतीवर, ट्यूब त्याच्या डोक्यावर, जोडणारा माणूस तिथंच उभा राहतो. नव्या रिंगा ग्रीस लावून बसवल्या. डावा पिस्टन दाते वर करून धरला, उजवा दाते खाली करून. हे मला पाठ होतं, डोळे मिटून सांगितलं असतं. एक पिस्टन हातानं ढकलला, दुसऱ्याच्या मागं फळी लावून ती पोटानं रेटली, आणि उरलेल्या हातानं पलीकडं वाकून दांडा फिरवला. पान्हा तेवढा दातांत धरायचा राहिला होता. पाच-सहा वेळा दाते चुकले. शेवटी दोन्ही एकदम आत गेले.

झाकणांसाठी पेटी ठोकळ्यातून काढून जमिनीवर भिंतीला टेकवली आणि गुडघ्यानं दाबली. पहिलं झाकण एकदा निसटलं, स्प्रिंग टेबलाखाली गेली, ती शोधून आणली, परत गुडघा. बोल्टनं पकड घेतली तसा माझ्या हातातला पान्हा आपसूक पेटीवर दोनदा वाजला. माझ्याच गुडघ्याला मीच सांगत होते. मग बोल्ट तिरपे, आळीपाळीनं आवळून घेतले, त्यानं आवळले असते तसे.

कॉम्प्रेसर सुरू केला. नळी जोडली, साबणाचं पाणी लावून बघितलं. एकही बुडबुडा नाही. म्हणजे गळती शून्य. दांड्याच्या डोक्यावर एक टोपी असते, व्हॉल्व्ह उघडा असला की पिवळी खूण दाखवते, बंद असला की लाल. हवा दिली की पिवळी दिसायला हवी. लाल दिसली. हवा काढली, आतून स्प्रिंगांचा खट्ट आवाज आला आणि टोपी फिरून पिवळी झाली.

उलटा जोडला गेला होता. हवा गेली की मिटायचं ते सोडून हा सताड उघडत होता.

मी परत हवा दिली, परत काढली. दोन-चार वेळा केलं. त्यानं काय तो सुधारणार होता? मला संताप यायला हवा होता. निदान भीती तरी, कारण हा असाच लाइनवर बसला असता तर वाफेनं कुणाचं तरी तोंड भाजलं असतं. मला काहीच झालं नाही. मी कॉम्प्रेसर बंद केला आणि हात पुसत उभी राहिले. पिस्टन मी बरोबर घातले होते, याबद्दल मला शंका नव्हती. डावा दाते वर, उजवा दाते खाली. मग उलटा झालाच कसा, हे मला कळेना.

त्याच दुपारी आबा आले. पांढरं धोतर, हातात कापडी पिशवी. पायरीवर चपला काढल्या, जशा देवळात काढतात तशा, आणि आत येऊन माझ्या स्टुलावर बसले. पिशवीतून नवंकोरं कुलूप काढून टेबलावर ठेवलं. चांगलं दणकट होतं. नंतर इकडंतिकडं बघत राहिले, भिंतीवरची हत्यारं, टेबलावरची पेटी.

"झालं का?"

"उलटं झालंय, आबा."

"म्हंजी?"

"हवा गेली की मिटाया पायजे. ह्यो उघडतोय."

आबांनी मान हलवली. "मोटरीचा फुटव्हॉल उलटा बसवल्यावानी. पानी धरायचं तर सोडून देतो."

"व्हय. तसंच."

"मंग आता?"

मी ठरवलं होतं ते ठरवलं होतं. कमरेची किल्ली काढली आणि कुलपाशेजारी ठेवली. "आता खोलून सुट्टा देते त्यांना परत. दुसरीकडं करून घेत्याल."

आबांनी किल्लीकडं बघितलं, पण हात लावला नाही. "खोल मंग," म्हणाले. "बसलोय मी."

पेटी परत ठोकळ्यात ठेवली. बोल्ट ढिले केले, झाकणं काढली, दांडा फिरवून पिस्टन बाहेर घेतले. खोलायला माणूस लागत नाही. पिस्टन वर्तमानपत्रावर ठेवताना मी सहज समोर बघितलं. आबा माझ्या स्टुलावर बसले होते आणि दांड्याचं डोकं त्यांच्या पुढ्यात होतं. माझ्या पुढ्यात नुसतं बूड होतं.

तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला. इतकी वर्षं मी हे काम पलीकडून बघितलं होतं. डावा पिस्टन दाते वर करून आत जायचा तो माझ्या डाव्या बाजूचा, त्या स्टुलावरून दिसणारा. नवऱ्याच्या बाजूनं तोच पिस्टन उजवा. मी उभी राहिले त्याच्या जागेवर आणि आठवण वापरली माझ्या जागेवरची. त्याच्या बाजूनं हे काम कसं दिसतं, ते मला कधी दिसलंच नव्हतं. बायको म्हणून एवढी वर्षं समोर उभी होते, पण समोरच.

"आबा, उठा."

"का गं?"

"ती माजी जागा हाय. तुमी इकडं या, मी तिकडं येते."

आबा उठले. टेबलाला वळसा घालून आम्ही एकमेकांना ओलांडलं आणि जागा बदलल्या. मी स्टूल मागं सरकवलं. दांड्याचं डोकं माझ्यासमोर आलं. डाव्या हाताचा पिस्टन, दाते वर. माझ्या हातांना आता शंका नव्हती. दोन्ही पिस्टन तोंडाशी लावून दिले.

"दोनी हातांनी ढकला. एकदम. एक म्होरं आन् एक मागं नको."

"बैलजोडीवानी," आबा म्हणाले.

"व्हय."

त्यांनी धोतराला हात पुसले आणि तळवे पिस्टनवर ठेवले. मी ते हात इतक्या जवळून कधी बघितले नव्हते. अंगठा तसाच, बुटका आणि रुंद, नखाशी चपटा. आयुष्यभर खुरपं आणि फावडं धरलेले हात आणि पान्हा धरलेले हात, अंगठा एकच. मी ते बघितलं आणि दांडा फिरवायला लागले. आबा अगदी सारखं ढकलत होते. पहिल्याच खेपेला दाते घरात बसले.

मग झाकण. स्प्रिंगा लावल्या, झाकण तोंडाला धरलं, आबांचे दोन्ही तळवे त्यावर ठेवून दिले. "सगळा जोर लावून दाबा. मी सांगस्तवर सोडायचं न्हाई. सोडलं तर तोंडावर यील."

"न्हाई सोडत."

आबा वाकले. सत्तरी ओलांडलेला माणूस, पण झाकण पार टेकवलं. मी बोल्ट लावले. हातानं दोन-तीन आटे गेले, मग पान्ह्यानं. बोल्टनं पकड घेतली. आणि मी पेटीच्या अंगावर दोनदा टकटक केली.

कॉम्प्रेसर बंद होता. शेजारचा ग्राइंडरही बंद होता, वेल्डर जेवायला गेला असावा. शेडमध्ये इतकी शांतता होती की टकटक फार मोठी ऐकू आली. वाजवायची काही गरज नव्हती, तोंडानं सांगता आलं असतं. आबांनी हात काढले नाहीत. काढणार कसे, त्यांना काय माहीत? आणि मीही पान्हा हातात धरून तशीच उभी राहिले.

"ही टकटक कशापायी?" आबांनी मान वर न करता विचारलं.

"आवाजात आयकू यायचं न्हाई. बोल्ट धरलं की हे असं वाजवायचे. मंग मी हात काढायची."

आबांचे हात झाकणावरच होते.

"तो असंच वाजवायचा? दोनदा?"

"व्हय."

"हाताला कळतं की गं," आबा म्हणाले. "झाकनातनं पार तळहाताला कळतं."

मला ते माहीत होतं. ती टकटक मी कधी कानांनी ऐकलीच नव्हती, तळव्यांनीच ऐकली होती. मात्र हे कुणी दुसऱ्यानं म्हणेपर्यंत मला ते कळलं नव्हतं.

"परत वाजव," आबा म्हणाले.

मी परत दोनदा वाजवलं.

लाकूड झालेल्या पायात रक्त परत यायला लागतं तेव्हा आधी मुंग्या येतात आणि मग तो असा दुखतो की वाटतं, लाकडाचा होता तेच बरं होतं. मला तसं झालं. पान्हा हातातून पडला. मी टेबलाची कड धरली आणि रडले. आवाज करून रडले, बाया रडतात तशी, नाक-डोळे एक करून. मला त्याची आठवण येत होती. तो मला हवा होता, आत्ता, समोर, ठोकळ्याच्या पलीकडं. आबा माझ्याकडं बघत नव्हते. ते झाकणावर वाकून दोन्ही तळव्यांनी दाबत राहिले होते, आणि त्यांच्या नाकाच्या शेंड्यावरून पाणी झाकणावर पडत होतं.

"सोडा आबा," मी कधीतरी म्हटलं. "धरलंय बोल्टांनी."

मग त्यांनी हात काढले आणि तळव्यांकडं बघितलं. झाकणाच्या कडेचा लाल वळ उठला होता.

दुसऱ्या झाकणाला मी टकटक केल्याबरोबर आबांनी हात काढले, जन्मभर हेच काम करत आल्यासारखे. सगळे बोल्ट आवळून झाल्यावर मी तोंड धुऊन आले आणि कॉम्प्रेसर सुरू केला. हवा दिली. टोपी पिवळी झाली. हवा काढली. खट्ट आवाज आला आणि टोपी लाल झाली.

"मिटला?" आबांनी ओरडून विचारलं, कारण आता आवाज होता.

मी मान हलवली.

"परत कर."

मी परत करून दाखवलं. त्यांना बराच वेळ करून दाखवलं. वाफेच्या लाइनवर हा बसणार, हवा गेली तरी आपसूक मिटणार, मग कुणाला भाजणार नाही, हे सांगितलं. ते ऐकत होते का माहीत नाही, टोपीकडं बघत होते. शेवटी म्हणाले, "कल्हई न्हाई ही."

कॉम्प्रेसर बंद केल्यावर त्यांनी टेबलावरचं कुलूप उचललं. मी किल्लीकडं बघत होते. सुट्टा द्यायचं ठरलं होतं तेव्हा किल्ली ठेवली होती, आता तो जोडून झाला होता, आणि तरी ती उचलायची मला हिंमत होईना. आबांनी कुलूप उलटसुलट करून बघितलं, पिशवीत टाकलं.

"मळ्यात मोटरीच्या खोलीचं कुलूप गंजलंय," म्हणाले. "तिथं बसंल हे."

किल्ली तिथंच राहिली. मी चहा टाकला, आम्ही दोघं प्यायलो. साखर जास्त झाली होती, ते मला कळलं. पायरीवर चपला घालताना त्यांनी विचारलं, "म्होरलं भांडं कवा येनार हाय?"

"हे पोचवलं की सांगत्याल. सोमवारी येईल बहुतेक."

"मंग सोमवारी येतो. दाबाया मानूस लागंल."

ते गेल्यावर मी भिंतीवरची हत्यारांची फळी काढली आणि टेबलाच्या माझ्या बाजूच्या भिंतीवर ठोकली. ट्यूबही तिकडं घेतली, वायर पुरली नाही तर जोड दिला. नवऱ्याच्या बाजूला आता आबा उभे राहणार होते, आणि त्यांना हत्यारं लागत नाहीत.